अकिलीसचं रडणं

आमचं गाव तेर. 'पेरिप्लस' नावाच्या, पहिल्या शतकातल्या ग्रीक पुस्तकात याचा 'तगर' म्हणून उल्लेख आहे. लहानपणी याचा फार अभिमान वाटायचा. पण ग्रीकांचं काही वाचलं नव्हतं. होमरचं 'इलियड' हातात पडलं ते चाळिशी उलटल्यावर. आणि वाटलं, अरे, हे तर आपल्या भावकीचंच भांडण!

सुरुवातच रागाने होते. राजा अगामेम्नॉन अकिलीसच्या वाट्याला आलेली ब्रिसीस काढून घेतो. अकिलीस रुसून तंबूत बसतो, आपली माणसं मरत असली तरी उठत नाही. मग जिवलग मित्र पॅट्रोक्लस त्याचं चिलखत घालून लढायला जातो आणि हेक्टरच्या हातून मारला जातो. अकिलीस हेक्टरला मारतो, त्याचं प्रेत रथाला बांधून फरफटत नेतो. तरी आतली आग विझत नाही.

बरेच जण हेक्टरच्या वधाला अकिलीसच्या पराक्रमाचा कळस मानतात. मला नाही पटत. माझ्या मते तो मोठा होतो ते शेवटच्या, चोविसाव्या सर्गात. हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम रात्री शत्रूच्या तंबूत येतो आणि ज्या हातांनी आपली मुलं मारली, त्याच हातांचं चुंबन घेतो. अकिलीसला दूर घरी एकटा राहिलेला आपला बाप आठवतो. दोघं रडतात, एक मुलासाठी, दुसरा बापासाठी आणि मित्रासाठी. मग एकत्र जेवतात.

प्रेत परत दे, असा देवांचा निरोप आधीच आला होता, हे खरं. पण रड असं कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या आबांचं आणि चुलत्यांचं वीतभर बांधावरून बारा वर्षं बोलणं बंद होतं. चुलत्यांच्या थोरल्याने एकदा आबांवर काठी उगारली होती. तोच पोरगा अपघातात गेला. निरोप आला तेव्हा आबा बराच वेळ ओसरीवर गप्प बसले. मग टोपी घातली आणि निघाले. खांदा दिला. परत आल्यावर दोघं म्हातारे ओट्यावर एकमेकांना धरून रडले. आबांना तसं रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

आमचे गोरोबाकाका भजनात तल्लीन होऊन चिखल तुडवताना त्यांचं बाळ पायाखाली आलं. कथेत विठ्ठल ते बाळ परत देतो. होमरच्या काव्यात मेलेलं कुणी परत येत नाही. परत मिळतं ते फक्त प्रेत, आणि रडायला, अंत्यसंस्काराला अकरा दिवस. आपल्या दहाव्या-तेराव्यासारखेच. बाराव्या दिवशी पुन्हा लढाई.

बांधाचा दावाही पुढे चालूच राहिला. तारखेला मात्र दोघं एकाच एसटीने जायचे. आबा चुलत्यांसाठी जागा धरून ठेवायचे.

माणूस बदलतो म्हणजे त्याचं वैर संपतंच असं नाही. समोरच्याचं दुःख आपल्यासारखंच आहे, एवढं त्याला कळतं. अकिलीसला ते कळायला चोवीस सर्ग लागले, आबांना बारा वर्षं.

असो. तुमच्याही भावकीत असा एखादा बांध असेलच. तिथे कुणाचं तरी पोर जाईपर्यंत थांबू नका, एवढंच.