खोट्या दाखल्यावर सही कुणाची?

दिव्यांगांच्या योजनांत बोगस लाभार्थी आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. 40 टक्क्यांचा खोटा दाखला दाखवून लाभ लाटणारा खऱ्या दिव्यांगाच्या तोंडचा घास पळवतो. त्याला पकडायलाच हवं. प्रश्न एवढाच, की शोध सुरू कुठून होतो?

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगाला महिन्याला 2500 रुपये मिळतात. पडताळणी निघाली की पहिला गाठला जातो तो हाच माणूस. हयातीचा दाखला आणा, उत्पन्नाचा आणा, आधार जोडा. एक कागद राहिला की पैसे बंद. अंथरुणाला खिळलेल्या पोराला तहसीलपर्यंत नेणाऱ्या रिक्षाचं भाडं कोण देणार?

खोटा दाखला लाभार्थी एकटा बनवत नाही. त्यामागे सही असते, शिक्का असतो, दलालाचं पाकीट असतं. चौकशी तिथवर का जात नाही?

2016 चा दिव्यांग हक्क कायदा वाचा. कलम 91 नुसार फसवून लाभ घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम 89 नुसार कायद्यातली तरतूद मोडणाऱ्याला पहिल्या वेळी फक्त दहा हजारांपर्यंत दंड!

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी तलाठी होईल, कुणी समाजकल्याण निरीक्षक. फाईल हातात आली की आधी सही करणाऱ्याला जाब विचारा. लेखी नोटीस दिल्याशिवाय, म्हणणं ऐकल्याशिवाय कुणाचं अनुदान थांबवू नका. आणि मोहल्ल्यात दाखले ‘करून देणारा’ भाई असेल, तर त्याला सलाम ठोकणं आजच बंद करा.