मसाल्याला धग, अंड्याला सबुरी



आज अंडी. संकष्टी किंवा गुरुवार असेल तर ही मेल उद्या उघडावी, आग्रह नाही!

निमित्त घरातलंच. लेक यंदा डॉर्म सोडून मित्रांबरोबर अपार्टमेंटमध्ये राहायला गेला आणि दोन महिन्यांत रोज पिझ्झा नाहीतर उपास अशी गत झाली. "आई, भुर्जीला पाणी का सुटतं गं?" असा रात्री साडेनऊला फोन. H-1 वर नुकते आलेले, एकटे राहणारे बरेच जण आपल्यातही आहेत. त्यांच्यासाठीही हे लिहिते.

एकच गोष्ट ध्यानात ठेवा. कांदा-मसाल्याला मोठी आंच आणि वेळ लागतो, अंड्याला दोन्ही कमी लागतं. दोन्ही एकाच आंचेवर उरकायला गेलं की मसाला कच्चा तरी राहतो, नाहीतर अंडं रबरासारखं होतं. अंडं जास्त शिजलं की आवळतं आणि आतलं पाणी बाहेर टाकतं. टोमॅटो नीट आटला नसेल तर त्याचं पाणी वेगळंच.

भुर्जी (दोघांना): दोन मोठे चमचे तेलात एक मोठा कांदा आणि दोन मिरच्या गुलाबी होईस्तोवर परता. एक टोमॅटो, हळद, तिखट, मीठ घालून तेल सुटेपर्यंत आटवा. इथे घाई नको. आता आंच मंद करा, फेटलेली ४ अंडी ओता आणि कडेकडेने हलवत राहा. ओलं अंडं दिसेनासं झालं की लगेच उतरवा. वर कोथिंबीर. इलेक्ट्रिक शेगडीची कॉइल बंद केल्यावरही तापलेली राहते, म्हणून पॅन बाजूलाच घ्या.

रस्सा (तिघांना): कांदा, पाव वाटी सुकं खोबरं, ५-६ लसूण पाकळ्या आणि आलं खमंग भाजून वाटा. (एक्झॉस्ट फॅन आधी लावा, स्मोक अलार्म वाजला की शेजारी दारात!) वाटण तेलात परतून २ चमचे कांदा-लसूण मसाला आणि २ कप गरम पाणी घाला. चांगली उकळी आली की आंच कमी करून ६ अंडी एकेक करून अलगद फोडून सोडा. झाकण ठेवा, ढवळू नका. ७-८ मिनिटांत बलक घट्ट होतो. उकडणं नाही, सोलणं नाही.

उकडलेलीच हवी असतील तर उकळत्या पाण्यात १०-११ मिनिटं, मग थेट गार पाण्यात. बलकाभोवती हिरवट कडं आलं तर समजा जास्त उकळलं. पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह यांचा तो प्रताप, खायला अपाय नाही. अगदी ताजी अंडी सोलताना चिकटतात, आठवडाभराची बरी.

भारतातल्यासारखी अंडी ओट्यावर मात्र ठेवू नका. अमेरिकेत ती धुऊन विकतात, त्यात कवचावरचं नैसर्गिक आवरण जातं, म्हणून फ्रीजच. शिजवलेलंही दोन तासांपेक्षा जास्त बाहेर नको.

मार्च २०२५ मध्ये डझनाचा सरासरी भाव ६.२३ डॉलरवर गेला होता. तरी त्या भावातही चार अंड्यांची भुर्जी सव्वादोन डॉलरच्या आतच पडत होती. बाहेरच्या एका सँडविचशी ताडून पाहा.

तुमच्याकडे रश्श्यात गोडा मसाला घालतात की कांदा-लसूण, जरूर कळवा.

लोभ असावा.