गरिबाचा पत्ता

गरिबाजवळ पैसे नसतात, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही. त्याच्याजवळ पत्ता नसतो, ही गोष्ट मात्र सुस्थितीतल्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. आपल्या नावाने विजेचे बिल येते, सोसायटीची पावती येते, घराचा करारनामा कपाटात असतो. या कागदांच्या आधारे आपण बँकेत, शाळेत, इस्पितळात निर्धास्तपणे जातो. ज्याच्याजवळ असला एकही कागद नाही, तो माणूस गावात राबतो, घाम गाळतो, पण सरकारदरबारी तो राहतच नसतो.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे महापे याचे चांगले उदाहरण आहे. एकेकाळी इथे भातशेती होती. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, स्थापन झाले आणि खाडीपलीकडचा हा पट्टा कारखानदारीसाठी संपादित होऊ लागला. १९७० साली सिडको आली आणि शेजारी नवे शहर वसवू लागली. १९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. आज महाप्याला संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत आणि जुने कारखानेही आहेत. त्या इमारती बांधणारे, झाडणारे, राखणारे हात दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत पसरलेल्या वस्त्यांतून येतात.

या वस्त्यांपैकी बऱ्याचशा एमआयडीसीच्या जमिनीवर आहेत. पाणी, कचरा, दवाखाना आणि शाळा महापालिकेकडे. धान्य शिधावाटप कार्यालयाकडे. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला तहसीलदाराकडे. मजुरीचे प्रश्न कामगार खात्याकडे आणि कर्जाचा अर्ज बँकेकडे. एका कुटुंबासाठी सहा दारे! प्रत्येक दाराआडचा अधिकारी आपापल्या परीने नियमानेच वागत असतो. तरीही संध्याकाळी ते कुटुंब रिकाम्या हाताने परतते, कारण पहिल्या दाराला दुसऱ्या दाराचा कागद हवा असतो आणि दुसऱ्याला तिसऱ्याचा.

मी बँकेत नोकरीला लागलो तेव्हा एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम जोरात होता. १९८० च्या ऑक्टोबरपासून तो देशातल्या सगळ्या विकास गटांत लागू झाला होता. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला म्हैस, शेळ्या, शिलाई यंत्र असे काहीतरी साधन मिळवून द्यायचे. थोडे अनुदान, बाकीचे कर्ज. नावातच ‘एकात्मिक’ होते. यादी ग्रामसेवकाची, अनुदान जिल्हा यंत्रणेचे, जनावराचा दाखला पशुवैद्यकाचा, विमा विमा कंपनीचा आणि कर्ज आमचे. फायली टापटीप असत. पण म्हैस आटली की पुढचे चार-सहा महिने हप्ता कशातून भरायचा, चारा कुठून आणायचा, गावात दूध घ्यायला गाडी येते की नाही, हे रकाने कुणाच्याच फायलीत नव्हते. अखेर १९९९ मध्ये हा कार्यक्रम आणि त्याच्या भोवतीच्या इतर काही योजना मोडून सरकारने एकच स्वरोजगार योजना केली. एका घरासाठी वेगवेगळ्या योजना चालवून भागत नाही, हे कळायला वीस वर्षे लागली.

श्रीमंत युरोपलाही हा घोर चुकला नाही. २००० सालच्या मार्चमध्ये युरोपीय संघाची राष्ट्रे लिस्बनला जमली. तेव्हा ती पंधरा होती. गरिबीचे निर्मूलन हा ज्याच्या त्याच्या देशाचा विषय. ब्रुसेल्सला त्यात हुकूम सोडण्याचा अधिकार नाही. मग त्यांनी एक वेगळी वाट काढली. उद्दिष्टे सगळ्यांनी मिळून ठरवायची, मोजमापे सारखी ठेवायची, प्रत्येक देशाने ठराविक मुदतीने आपला आराखडा मांडायचा आणि इतरांनी तो तपासायचा. थोडक्यात, शेजाऱ्याने शेजाऱ्याची वही पाहायची. ‘गरिबी’ या शब्दाशेजारी त्यांनी ‘सामाजिक बहिष्करण’ हाही शब्द ठेवला. देशातल्या मधल्या उत्पन्नाच्या साठ टक्क्यांपेक्षा ज्याचे उत्पन्न कमी, तो गरिबीच्या छायेत. पण पुढे त्यांनी घर पुरेसे उबदार ठेवता येते का आणि घरातल्या कर्त्या माणसांना वर्षात पुरेसे काम मिळते का, हेही मोजायला घेतले.

आपल्याकडेही मोजण्याची रीत बदलली आहे. नीती आयोगाच्या २०२१ सालच्या बहुआयामी गरिबी निर्देशांकात बारा निकष आहेत: पोषण, शाळा, पिण्याचे पाणी, शौचालय, स्वयंपाकाचे इंधन आणि चक्क बँकेतले खातेसुद्धा. या मोजणीप्रमाणे २०१५-१६ मध्ये देशातले २४.८५ टक्के लोक गरीब होते, ते २०१९-२१ मध्ये १४.९६ टक्क्यांवर आले. ही घट मोठी आहे आणि ती नाकारण्यात शहाणपण नाही. पण खाते असणे आणि खात्याचा उपयोग असणे यांत फरक आहे, हे बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला कुणी सांगायला नको.

युरोपच्या प्रयोगाचे फलित काय? २०१० साली त्यांनी ठरवले, की २०२० पर्यंत दोन कोटी माणसे या छायेतून बाहेर काढायची. ते साधले नाही. २०२१ साली नवे लक्ष्य ठरले, २०३० पर्यंत दीड कोटी. नुसत्या समन्वयाने, नुसत्या बैठकांनी गरिबी हटत नाही, असा आक्षेप कुणी घेतला तर त्याला त्यात आधार सापडेल. वही तपासली, चूक दाखवली, पण चूक करणाऱ्यावर काहीच आले नाही, तर तपासणीला धार राहत नाही.

धार कशी असते, हे मात्र महाराष्ट्राने फार पूर्वी दाखवून दिले आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी साठच्या दशकात तासगाव तालुक्यात एक प्रयोग सुरू केला: मागेल त्याला काम. १९७२ च्या भीषण दुष्काळात ती कल्पना राज्यभर गेली. नोकरदारांनी आणि व्यावसायिकांनी १९७५ पासून व्यवसाय कर भरला तो या कामांसाठी. आपल्या पगारपत्रकावर दरमहा कापली जाणारी ती छोटी रक्कम, तिचा उगम पुष्कळांना आज ठाऊक नसेल. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्यातही खाती अनेक होती: पाटबंधारे, बांधकाम, वन, कृषी. पण काम मागणाऱ्याने कुणाच्या दारात उभे राहायचे ते ठरलेले होते, आणि काम दिले नाही तर भत्ता देण्याची जबाबदारी सरकारवर होती. खात्यांची जुळवाजुळव हे सरकारचे काम होते, मजुराचे नव्हे. २००५ साली केंद्राने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा हाच अनुभव गाठीशी होता. त्यात भ्रष्टाचार झाला, खोटी हजेरीपत्रके भरली गेली, हे खरे. पण तो हक्क होता, म्हणून त्यासाठी मोर्चा काढता येत होता.

आता हाच मजूर दुष्काळी गाव सोडून महाप्याला आला, असे समजा. गावाच्या वेशीबाहेर पाऊल पडताच कामाची हमी मागे राहते, कारण ती हमी गावापुरती आहे. शहरात तशी नाही. तो बांधकामावर लागतो. बांधकाम मजुरांसाठी १९९६ पासून कायदा होता. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर आणि त्यातून मजुरांचे कल्याण. आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा पुरावा लागतो. नाक्यावर रोज सकाळी नवा मुकादम गाठणाऱ्याने तो कुणाकडून आणायचा? २०१८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आले, की देशभरात या उपकराचे ३७ हजार कोटींहून अधिक रुपये जमले आणि साडेनऊ हजार कोटींच्या आसपास खर्च झाले. पैसा होता, माणूसही होता. दोघांची गाठ पडत नव्हती.

ती गाठ पाडता येते, याचे उदाहरणही समोर आहे. शिधापत्रिका पूर्वी एकाच दुकानाला बांधलेली असे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र आणि गुजरात, आंध्र आणि तेलंगण या जोड्यांत ती एका राज्याची दुसऱ्या राज्यात चालू लागली. पुढच्या वर्षी टाळेबंदीत पायी निघालेल्या माणसांचे तांडे आपण पाहिले, आणि २०२२ पर्यंत ही सोय देशभर झाली. परभणीचे कार्ड आज महाप्याच्या दुकानात चालते. एक हक्क माणसाबरोबर चालू लागला. बाकीचे हक्क अजून गावच्या वेशीवर का उभे आहेत?

तेव्हा आणखी एक योजना काढण्याआधी दोन गोष्टी कराव्यात, असे मला वाटते. पहिली, महापालिकेच्या प्रत्येक विभाग कार्यालयात एक खिडकी असावी, जिथे गरीब कुटुंबाने एकदाच आपली हकिगत सांगायची आणि उरलेल्या पाच दारांशी बोलणे त्या खिडकीने करायचे. एमआयडीसी, सिडको, महापालिका ही सगळी एकाच राज्याची अपत्ये आहेत. पंधरा स्वतंत्र देश एका मेजाभोवती बसू शकतात, तर यांना काय अडचण असावी?

दुसरी गोष्ट बँकेतून शिकण्यासारखी. अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदाराचे कर्ज नाकारायचे असेल, तर शाखेने परस्पर नाकारू नये, वरच्या अधिकाऱ्याने कारण लिहून नाकारावे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. नकारावर सही करायची म्हटली की माणूस दोनदा विचार करतो. अशी नकारांची नोंदवही प्रत्येक कार्यालयात असावी. कुणाला परत पाठवले, कोणत्या कागदावाचून, आणि तो कागद देणे कुणाचे काम होते. दर सहा महिन्यांनी, नावे झाकून, ती वही प्रभागात जाहीर वाचली जावी. कुठल्या खात्याने किती रुपये वाटले याचे फलक आपण खूप पाहिले. कुणी किती माणसे परत पाठवली, याचाही एक फलक लागू द्या.

आणि सगळेच सरकारवर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. आपण घराचे काम काढतो तेव्हा सहा महिने राबलेल्या गवंड्याला तितक्या दिवसांचा दाखला लिहून देतो का? खोली भाड्याने देताना करारनामा टाळतो तो कशासाठी? धुणेभांडी करणाऱ्या बाईंसाठी राज्यात २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला, हे आपण त्यांना कधी सांगितले? आपल्या दोन ओळी आणि एक सही एखाद्याच्या आयुष्यातला पहिला पुरावा ठरू शकते. तो माणूस इथे राहतो, इथे राबतो, हे आपल्याला माहीत आहे. ते कागदावर लिहून द्यायला आपले काय जाते?