तारेआधी करवंदाची जाळी लावा



तूर शेंगेवर आली, हरभरा उगवला, की काटोलपासून उमरेडपर्यंत एकच बोलणं ऐकू येतं : रोही आणि रानडुकरांचं करावं काय? कोणी रात्रभर जागलीला जातो, कोणी उसनवारी करून काटेरी तार आणतो आणि कोणी त्या तारेत सरळ लाइनीचा करंट सोडतो.

या करंटाबद्दल आधी स्पष्ट बोललेलं बरं. करंट डुक्कर ओळखत नाही, माणूसही ओळखत नाही. एप्रिल २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडकडे गळ्यात पट्टा असलेला 'श्रीनिवास' वाघ अशाच शेतातल्या तारेला लागून मेला. त्या जागी पहाटे मोटार चालू करायला निघालेला आपला शेजारी असू शकतो, त्याची ढोरं असू शकतात. 'कुंपणच शेत खाते' ही म्हण आपण दुसऱ्यासाठी वापरतो, पण इथं तर कुंपण माणूस खातं, आणि मालक जेलात जातो.

माझं म्हणणं असं की तार घेण्याआधी, निदान तारेच्या जोडीला, धुऱ्यावर सदाहरित काटेरी झुडपांचं कुंपण लावा. नागपूरचा मे महिना ४५ अंशांचा. त्यात टिकेल असं झुडूप पाहिजे. करवंद तसं आहे. पान जाड, अंगात चीक, फांदीफांदीला काटा आणि हलक्या मुरमाड जमिनीतही जीव धरणारं. एकदा मुळं धरली की पाणी मागत नाही, बारा महिने हिरवं राहतं, वरून लोणच्याला फळं देतं. मधल्या जागा बुजवायला सागरगोटा घ्या. त्याच्या आकड्यासारख्या काट्यांतून जनावर सहसा घुसत नाही. शेळ्यांचा त्रास असेल तिथं अडुळसा आणि निर्गुडी लावा. त्यांचा पाला शेळी तोंडात घेत नाही आणि दोन्ही कलमकांडीनं लागतात.

फायदा राखणीपुरता नाही. उन्हाळ्यात पश्चिमेकडून झळा येतात तेव्हा आंबिया बहाराची बारीक फळं गळतात. दाट झुडपांची आड वाऱ्याचा जोर तिच्या उंचीच्या साधारण १० पट अंतरापर्यंत कमी करते. म्हणजे ६ फुटी कुंपण ६० फूट, संत्र्याच्या काठच्या तीन ओळी. विटांच्या भिंतीवरून वारा उसळून पलीकडे आपटतो. झुडपातून तो गाळून, मंद होऊन येतो. शिवाय उघडा धुरा पहिल्या मोठ्या पावसात वाहून जातो. तोच झुडपांच्या मुळांनी आणि खाली पडलेल्या पाल्यानं झाकला, तर माती जागची हलत नाही.

आता लावायचं कसं? करवंदाचं बी फार दिवस टिकत नाही. मे-जूनमध्ये पिकलेल्या फळांचं ताजं बी धुऊन लगेच पिशव्यांत लावा आणि पुढच्या मृगात रोपं धुऱ्यावर न्या. सागरगोट्याचं कवच टणक; दगडावर घासून रात्रभर पाण्यात ठेवल्याशिवाय ते उगवत नाही. दोन ओळी, २ फूट अंतर, नागमोडी. १०० मीटर धुऱ्याला सव्वातीनशे रोपं लागतात. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला तांब्याभर पाणी द्या. रोप दीड फुटाचं झालं की शेंडा खुडा. इथं पुष्कळांचा जीव होत नाही. पण शेंडा खुडला नाही तर झाड वर जातं, बूड मोकळं राहतं, आणि डुक्कर बुडातूनच शिरतं.

या कुंपणाला मर्यादाही आहेत. ते उभं राहायला तीन-चार वर्षं लागतात, तोवर जागल सुटत नाही. रोही उडी मारतो, म्हणून उंची ६ फुटांच्या खाली नको. वर्षातून दोनदा छाटणी लागते. आणि धुरा दोघांचा असतो, म्हणून खड्डा खोदण्याआधी शेजाऱ्याशी बोला. कुंपणापायी तहसीलची पायरी चढायची वेळ यायला नको. सोपं म्हणून बेशरम, घाणेरी किंवा वेडी बाभूळ मात्र लावू नका. ती तुमच्या धुऱ्यावर थांबत नाहीत, गावाचं गायरान खातात.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही एक सांगणं आहे. दर पावसाळ्यात आपण झाडं लावतो, फोटो काढतो आणि उन्हाळ्यात खड्डे मोजतो. त्यातला थोडा वाटा झुडपांना द्या. पांदण रस्ता, शाळेची हद्द, स्मशानभूमी यांच्या कडेला करवंद-अडुळसा लावला तर जागा राखली जाईल आणि दोन वर्षांत गावाला बी व कांड्या फुकट मिळतील. रोपवाटिका गावातल्या बचत गटाला द्या, चार पैसे घरात येतील.

तार गंजते, चोरीला जाते. जाळी दरवर्षी दाट होते. या हंगामात निदान एका बाजूचा धुरा तरी धरा.