सुंदरीचं गणित कोण खोडतं?

बेळगाव भागातल्या आपल्या मुली बारावी होतात आणि पदवीच्या पहिल्या वर्षाचा अर्ज भरायला बसतात. अर्ज ऑनलाइन. मोबाइल नंबर भावाचा, ओटीपी त्यालाच येतो, आणि विषयही तोच ठरवतो! ‘गणित कशाला गं? बी.ए. घे, घरातलं बघून होतंय.’

आदिनाथांनी ब्राह्मीला लिपी शिकवली, सुंदरीला अंक शिकवले, हे आपण प्रवचनात मान डोलवत ऐकतो. मग घरच्या सुंदरीचं गणित कोण खोडतं? पंचकल्याणकात लाखाची बोली बोलणारे हात लेकीच्या फीलाच का आखडतात?

बायांनो, अर्जात नंबर लेकीचा घाला. विषय तिला निवडू द्या. पुढची तीन वर्षं त्या बाकावर तिलाच बसायचंय.