शर्यतपटूस परवाना कशास?

एखाद्या कलेत जो प्रवीण झाला त्यास त्या कलेविषयीच्या सामान्य नियमांतून सूट असावी, असे मत आपल्या सुशिक्षित मंडळींत अलीकडे फार ऐकू येते. त्याचा एक मासला गेल्या महिन्यात वर्तकनगरात आमच्या कानी आला. आमच्या एका स्नेह्यांचे १७ वर्षांचे चिरंजीव कोइमतूरच्या धावेवर मोटारसायकलींच्या शर्यतीत उतरतात, आणि चांगले उतरतात. हेच चिरंजीव वडिलांची ३९० सी.सी.ची गाडी घेऊन पोखरण रोड नंबर एकवरून उपवनकडे निघाले असता पोलिसाने त्यांस हटकले. परवाना नव्हता, परवान्याचे वयही नव्हते. प्रकरण न्यायालयात आहे, सबब त्याविषयी आम्ही काही लिहीत नाही. परंतु तलावाकाठी फेरफटका मारताना स्नेह्यांनी जो युक्तिवाद केला तो त्यांच्या एकट्याचा नाही, म्हणून त्याचा समाचार घेणे प्राप्त आहे. ते म्हणाले, "ज्याच्याजवळ राष्ट्रीय महासंघाचा शर्यतीचा परवाना आहे, त्याने आरटीओच्या अंगणात आठाचा आकडा काढून दाखवायचा? उद्या तेंडुलकरांनाही गल्लीत खेळण्यापूर्वी परीक्षेला बसवाल!"

दृष्टान्त चटकदार खरा, पण तो स्नेह्यांवरच उलटतो. गल्लीत ज्याच्या खिडकीची काच फुटते तो मुळी खेळातच नसतो, ही गोष्ट फलंदाज कितीही थोर असला तरी बदलत नाही.

शर्यतीची धाव कशी असते ते पाहावे. सगळ्या गाड्या एकाच दिशेने धावतात. समोरून कोणी येत नाही, बाजूच्या बोळातून रिक्षा निघत नाही, कुत्रे आडवे जात नाही. म्हणूनच धावेवरील शर्यतीच्या गाडीला दिवा नसतो, भोंगा नसतो, मागचे पाहावयाचा आरसाही नसतो. वळणाबाहेर घसरणाऱ्यास अडविण्यासाठी खडीचा पट्टा असतो. रुग्णवाहिका आणि वैद्य सज्ज असतात. पिवळे निशाण हलले की दुसऱ्यास ओलांडण्याची मनाई, लाल निशाण दिसले की शर्यत बंद. आणि ही निशाणे न मानणाऱ्यास तेथल्या तेथे दंड. (आमच्या चिरंजीवांनी कोइमतूरला पिवळे निशाण कधी मोडले नाही, असे त्यांचे वडील अभिमानाने सांगतात. पोखरण रस्त्यावरच्या झेब्रा पट्ट्यांविषयी मात्र आम्ही विचारले नाही.) मुख्य म्हणजे धावेवर उतरलेला प्रत्येक जण धोका समजून, कागदावर सही करून उतरलेला असतो. म्हाडाच्या वसाहतीतून भाजीला निघालेल्या आजीबाईंनी, शाळेच्या बसची वाट पाहणाऱ्या पोराने, रात्रपाळी करून परतणाऱ्या कामगाराने अशी सही केलेली नाही. रस्त्याचा परवाना हा हातच्या सफाईचा दाखला आहे हीच समजूत चुकीची. ज्यांनी सही केली नाही त्यांच्याशी मी नियमाने वागेन आणि न वागल्यास जाब देईन, असा तो करार आहे. ज्याने आपले सारे कसब आरसा नसलेल्या गाडीवर कमावले, त्याने तर हा करार इतरांहून अधिक काळजीने वाचला पाहिजे.

आणि ते कसब तरी अभेद्य आहे काय? ५ ऑगस्ट २०२३ रोजी चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर, राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या शर्यतीत, १३ वर्षांचा एक गुणी मुलगा गाडीवरून पडून दगावला. सगळी व्यवस्था हाताशी असता हे घडले. त्या पोराच्या आईबापांविषयी कठोर शब्द लिहिण्याचा आमचा विचार नाही. पण जे धावेवर घडते ते उपवनच्या वळणावर घडणारच नाही, अशी ग्वाही आमचे स्नेही कोणत्या आधारे देतात?

खरे शर्यतपटू ही सूट मागतही नाहीत. डाकार रॅलीचे उदाहरण घ्या. २०२१ साली सौदी अरेबियात झालेल्या त्या रॅलीत आशिष रावराणे हे मराठी दर्यावर्दी उतरले होते. या रॅलीत वाळवंटातील टप्प्यांना जोडणारा कित्येक मैलांचा मार्ग चालू रस्त्यावरून जातो. म्हणून तेथील स्पर्धकास शर्यतीच्या परवान्याबरोबर रस्त्याचाही परवाना लागतो, आणि जोडरस्त्यावर वेगाची मर्यादा ओलांडली तर उपग्रहयंत्रावरून ते उघडकीस येऊन शिक्षा होते. जगातील अत्यंत कसलेले स्वार तेथे गावाच्या वेशीत शिरताच वेग उतरवितात. इंग्रजांची गोष्टही अशीच. १९०३ च्या कायद्याने इंग्लंडात ताशी २० मैलांची मर्यादा आली, तेव्हा शर्यतीच्या शौकिनांनी आपल्या रस्त्यांवर सूट मागितली नाही. ते आइल ऑफ मॅन बेटावर गेले. तेथे कायदा करून रस्ते रहदारीस बंद करण्यात आले, आणि मोटारसायकलींची प्रसिद्ध टी. टी. शर्यत १९०७ पासून तशा बंद रस्त्यांवर सुरू झाली. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १८९ वे कलम हेच सांगते: राज्य सरकारच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक जागी शर्यत लावणे हा गुन्हा. परवाना असला तरीही.

स्नेह्यांच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीने घातलेले १९९-अ कलम जबर आहे: अज्ञान मुलाच्या गुन्ह्यासाठी पालकास ३ वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड, आणि मुलास २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. यांतील शेवटची शिक्षा आम्हास अतिरेकी वाटते. पण तीविरुद्ध बोलावयाचे तर 'शिक्षा प्रमाणाबाहेर आहे' असे बोलावे. 'माझा मुलगा उत्तम चालवितो' हे तिचे उत्तर नव्हे.

सरकारलाही आम्ही सोडीत नाही. आपला 'गिअरची मोटारसायकल' हा परवाना एकदा मिळाला की १०० सी.सी.च्या फटफटीपासून १००० सी.सी.च्या यंत्रापर्यंत सर्व खुले. जपानात ४०० सी.सी.पुढे वेगळी परीक्षा आहे. युरोपात वयाप्रमाणे आणि अनुभवाप्रमाणे पायऱ्या आहेत. आपल्याकडे पाय न टेकता आठ काढला की शक्तीची मर्यादाच संपली! देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांत १०० पैकी ४४ हून अधिक दुचाकीवरची होती. ही आकडेवारी सरकारच प्रसिद्ध करते आणि परवान्याची रीत तशीच ठेवते. शिवाय राष्ट्रीय शर्यतींसाठी ठाण्याच्या मुलाला कोइमतूर किंवा श्रीपेरुंबुदूर गाठावे लागते. बालेवाडीस जानेवारी २०२४ मध्ये सुपरक्रॉसची शर्यत झाली, तशा धावा आपल्या जिल्ह्यात कायमच्या व्हाव्यात, अशी मागणी स्नेह्यांनी केली तर तिच्यावर सही करणारांत आमचे नाव पहिले घालावे.

तोवर चिरंजीवांनी १८ पूर्ण होण्याची वाट पाहावी. न्यायालयाने परवानगीची दारे उघडी ठेवली, तर रांगेत उभे राहावे आणि आठ काढावा. त्यांना तो आमच्यापेक्षा सुरेख येईल. हा मजकूर लिहीत असता रात्रीचे साडेअकरा झाले आहेत, आणि उपवनच्या दिशेने दोन गाड्या एकमेकींस मागे टाकीत गेल्याचा आवाज आताच खिडकीतून आला.