वीस मीटर तार

"काका, पहिला सेट कुठला घेऊ?"

परीक्षा पास झाली, व्हीयू-३ ने सुरू होणारं कॉलसाइन हातात पडलं की प्रत्येक नवा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, हा प्रश्न घेऊन माझ्या दारात उभा राहतो. गेल्या महिन्यात आलेला पोरगा प्रतीक्षानगरचा होता. इंजिनिअर. मोबाईलमध्ये तीन जपानी सेटची तुलना करणारा तक्ता बनवून आणला होता. कुणाचा पडदा टचचा, कुणात ट्यूनर आतच बसवलेला, कुणाला किती मेमरी. मी विचारलं, "तुमच्या बिल्डिंगच्या गच्चीची किल्ली कोणाकडे असते?" तो हसला. म्हाताऱ्याचं लक्ष भरकटलं असं त्याला वाटलं असणार. "माहीत नाही हो," म्हणाला, आणि पुन्हा तक्ता.

या हौशीचं वाटोळं इथे झालंय. रेडिओ हा छंद होता, आता ती खरेदी आहे. लग्नाआधी फ्रीज घ्यावा तसा माणूस सेट घेतो. दीड लाखाचं खोकं टेबलावर मांडतो, वर निळा दिवा लावतो, फोटो काढतो आणि खिडकीच्या गजाला दोन हात लांबीची दांडी बांधून जगाला साद घालायला बसतो. उत्तर येत नाही. मग म्हणतो, बँड मेलाय, सूर्यावर डाग नाहीत. अरे, सूर्याला कशाला मध्ये घेतोस? तुझी दांडी बघ.

हिशेब चौथीतल्या मुलालाही जमेल असा आहे. १४३ ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागा. अर्ध्या तरंगाच्या डायपोलची लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झला साधारण वीस मीटर, १४.२ ला दहा. लोहार चाळीत मिळणारी साधी प्लास्टिकच्या आवरणाची तांब्याची तार पुरते. थोडी जास्त कापायची, मीटर लावून एसडब्ल्यूआर, म्हणजे तारेकडून परत फिरणाऱ्या शक्तीचं माप, बघायचा, दोन्ही टोकांनी बोटभर बोटभर छाटत यायचं. मधल्या सांध्याला बलून (फुगा नव्हे, तार केबलशी जुळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर), टोकांना इन्सुलेटर आणि नायलॉनची दोरी. सगळं मिळून सेटच्या किमतीपुढे चिल्लर. पण चिल्लर आहे म्हणूनच कुणाला त्याचं कौतुक नाही. तारेचा फोटो चांगला येत नाही ना.

आणि वॅटचं वेड तर विचारूच नका. शंभर वॅटपेक्षा कमी घेऊ नकोस, असा सल्ला देणारे गुरू जागोजागी बसलेत. मोर्सची परीक्षा न देता मिळणाऱ्या रिस्ट्रिक्टेड परवान्यावर शॉर्टवेव्हला मर्यादाच ५० वॅटची. म्हणजे हा शिष्य पहिल्या दिवसापासून अर्धा सेट कायद्याने झाकून ठेवणार. शंभर आणि पन्नास यांतला फरक समोरच्याच्या एस-मीटरवर, सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या काट्यावर, किती? तीन डेसिबल, म्हणजे अर्धी पायरी. शंभर वॅटच्या सेटला १३.८ व्होल्टवर वीसेक ॲम्पिअर लागतात, ते देणारा पॉवर सप्लाय वेगळा, त्याचे पैसे वेगळे. त्या अर्ध्या पायरीसाठी! वीस वॅटचा सेट, बारा व्होल्टची बॅटरी आणि गच्चीवर धड ताणलेली तार एवढ्यावर पहाटे सात मेगाहर्ट्झला नागपूर, बंगळूर, कोलकाता ऐकत आणि बोलत बसता येतं. मी बसतो.

हे शहाणपण मला जन्मजात नव्हतं. माझं पहिलं स्टेशन म्हणजे मूर्खपणाचं प्रदर्शन होतं. १४५ मेगाहर्ट्झला बोलायचं म्हणून लॅमिंग्टन रोडवरून सेट आणला, आणि दुकानदाराने पुढे केली ती आरजी-५८ केबल घेतली. बारीक, वाकवायला सोपी, स्वस्त. तळमजल्यावरून गच्चीच्या टाकीपर्यंत तीस मीटर भरली. सेट दहा वॅट देत होता. त्या केबलमध्ये त्या लांबीला सहा डेसिबल जातात, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. चौपट घट. खालून दहा सोडले, वर पोचले अडीच. आमच्या बिल्डिंगमध्ये पाण्याचं जे होतं तेच: पंप तळाला धडधडतोय आणि पाचव्या मजल्यावर नळाला थेंब. जाड आरजी-२१३ घातली तेव्हा घट निम्म्यावर आली. सेट तोच. पण "केबल बदलली" असं सांगितलं की कुणी चहा पाजत नाही.

त्याही आधी, काठी खिडकीत होती तेव्हा, मला पहिला खरा धडा दिला तो कुठल्या गुरूने नव्हे, कोळीवाड्यातल्या एका नाखव्याने. घरी आला होता, सेटकडे बघून म्हणाला, "आमच्या होरीवर पन हाय. तुमची काठी खिडकीत कनाला?" ट्रॉलरवरचा सागरी व्हीएचएफ सेट पंचवीस वॅटचा, त्याची काठी मात्र सगळ्यात उंच जागी, कारण हे तरंग जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि नजर जाईल त्याहून फार पुढे पोचत नाहीत. अँटेनाच्या पुस्तकाची चाळीस पानं वाचून मला जे कळलं नव्हतं ते त्याने एका वाक्यात सांगितलं. आणि मी राहतो ते शीव. शीव म्हणजे हद्द. १६६९ ते १६७७ या काळात इंग्रजांनी पोर्तुगीजांच्या साष्टीवर नजर ठेवायला इथे किल्ला बांधला तो टेकडीवर, खाजणात नाही. उंची लागते हे सगळ्यांना कळतं, फक्त हॅमला दुकानात गेल्यावर विसर पडतो.

आता गोंगाट. शीव कोळीवाड्यात शॉर्टवेव्ह लावलात की आधी ऐकू येतो तो गरगराट. मी दोन वर्षं हार्बर लाइनला शिव्या दिल्या. २०१६ मध्ये तिथे दीड हजार व्होल्ट डीसी जाऊन पंचवीस हजार व्होल्ट एसी आलं, म्हटलं झालं, आपला बँड संपला. मग मोनोरेलला शिव्या दिल्या. मग झोपड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या एसआरएच्या टॉवरमधल्या लिफ्टना. शेवटी एका रविवारी, बायको माहेरी गेली असताना, घराचा मेन स्विच पाडला आणि रिसीव्हर बॅटरीवर लावला. गरगराट अर्ध्याहून जास्त गायब! एकेक स्विच वर करत गेलो. गुन्हेगार निघाले दोन: स्वयंपाकघरातला स्वस्तातला एलईडी पॅनेल आणि फुटपाथवरून घेतलेला मोबाईल चार्जर. पंचवीस हजार व्होल्टची रेल्वे निर्दोष, माझाच चार्जर घरभेदी. स्टेशन मांडण्याआधी ही एक सकाळ खर्च करा, मग सेट निवडा. कोणी करत नाही, कारण मेन स्विच फुकट आहे.

नव्या पोरांना मी एक गोष्ट सांगतो. १९३९ मध्ये युद्ध लागलं आणि सरकारने हौशींना ट्रान्समीटर जमा करायला लावले. तीन वर्षांनी, २७ ऑगस्ट १९४२ ला, याच मुंबईतून गुप्त काँग्रेस रेडिओ बोलू लागला. बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे साथीदार. घोषणा व्हायची ४२.३४ मीटरवरची. गणित करा: साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ. म्हणजे आज तुम्हाला-मला परवान्यावर मिळणाऱ्या चाळीस मीटरच्या पट्ट्याच्या बरोबर आत. पोलीस मागावर, म्हणून जागा बदलत राहायचं. चौपाटी, लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड, शेवटी गिरगावातली पारेखवाडी. १२ नोव्हेंबरला तिथे धाड पडली. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. अडीच महिन्यांत इतक्या बिऱ्हाडांत स्टेशन मांडलं आणि मोडलं, साम्राज्य पाठीशी लागलेलं असताना! आणि आम्हाला सरकारचा शिक्का असलेला परवाना खिशात घेऊन एका गच्चीवर एक तार बांधता येत नाही.

का येत नाही? कारण गच्ची कमिटीची असते.

माझा अर्ज आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत "इतर विषय" या सदरात आला, पार्किंगच्या भांडणानंतर आणि कबुतरांना दाणे टाकण्याच्या भांडणाआधी. पहिला आक्षेप: किरणं. किरणांनी कॅन्सर होतो असं एक सद्गृहस्थ म्हणाले. ते ज्या गच्चीबद्दल बोलत होते तिच्यावर मोबाईल कंपनीचे सहा पांढरे ठोकळे दिवसाचे चोवीस तास चालू असतात, आणि त्यांच्या भाड्यातून लॉबीला नवी फरशी बसली आहे. भाडं देणारी किरणं निर्मळ, फुकट येणारी विषारी. दुसरा आक्षेप: पोलिसांचं लफडं नको. परवान्याआधी पोलीस चौकशीला माझ्या घरी येऊन चहा पिऊन गेले होते, हे मी सांगितलं, त्यावर "म्हणजे पोलीस येतातच ना!" असं उत्तर मिळालं. तिसरा आक्षेप सौंदर्याचा. ज्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवरून केबलवाल्याची काळी जळमटं लोंबताहेत, तिथे माझ्या तारेने शोभा जाणार होती.

एका आक्षेपाला मात्र मी मान देतो. तार तुटून कुणावर पडली तर? पावसाळ्यात वीज कोसळली तर? हे विचारणारी एकच बाई होती आणि तिच्याजवळ मी अर्धा तास बसलो. तार विजेच्या कुठल्याही वायरजवळून जाणार नाही, पडली तरी तशा वायरवर पडणार नाही. केबलला गच्चीतच अर्थिंग. ढग गडगडले की केबल सेटपासून काढून ठेवायची. तिला पटलं. आणि हेही लिहितो: विजेच्या वायरवरून अँटेना टाकणारे दोन बहाद्दर मी पाहिलेत. त्यांचे परवाने फाडून टाकले पाहिजेत. असल्या लोकांमुळे कमिट्यांना नाही म्हणायला तोंड मिळतं.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला, मोबाईल मुके झाले, आणि जिन्यात कंदील घेऊन बसलेली हीच मंडळी विचारत होती, "तुमच्या त्या रेडिओवरून काही कळतं का हो?" पाणी ओसरलं, प्रश्नही ओसरला. तेव्हा माझ्याकडे फक्त ऐकायचा सेट होता. आज बॅटरीवर चालणारं स्टेशन आहे, पण अर्ज नामंजूर. इतिवृत्तात नोंद आहे.

प्रतीक्षानगरच्या पोराला हे सगळं सांगितलं. म्हणाला, "मग सेट नको घेऊ?" घे बाबा. पण आधी सेक्रेटरीच्या आईच्या गुडघ्याची चौकशी कर, वॉचमनला दिवाळी दे, गच्चीवर दुपारी उभं राहून टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत मीटरभर लांब पावलं मोज. पंचवीस भरली तर चाळीस मीटर बँडचा डायपोल सरळ बसेल, कमी भरली तर मधला भाग उंच बांधून टोकं उतरती सोड. साधा रिसीव्हर उसना घे आणि महिनाभर नुसता ऐक. त्याचं तोंड उतरलं. ऐकायला कोण आलंय? सगळ्यांना बोलायचंय.

मग त्याने विचारलं, "तुमचा अर्ज नामंजूर, तर तुम्ही बोलता कशावर?"

बिल्डिंगच्या गणपतीला गच्चीवर रोषणाई होते. तिच्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, बाप्पाचं काम. डेकोरेटरची पोरं टाकीच्या पाइपापासून पलीकडच्या कठड्यापर्यंत दोरी ताणत होती, तेव्हा मी एक पातळ काळी तार त्यांच्या हातात दिली आणि वर चहा-वडापाव. वीस मीटर, मध्ये बलून. ते दहा दिवस मला काहीच ऐकू येत नाही, दिव्यांच्या माळा सात मेगाहर्ट्झवर नुसत्या किंचाळतात. अनंत चतुर्दशीनंतर पोरं माळा उतरवून घेऊन जातात.

परवा चेअरमन लिफ्टमध्ये भेटले. म्हणाले, "अहो, ती एक वायर तशीच राहिलीय वर. डेकोरेटर काढायला विसरला वाटतं."

म्हटलं, "फोन करतो त्याला."

तीन गणपती झाले.